वायरची जाडी, एमसीबीचा आकडा आणि जोडाची पकड

गेल्या अंकात घरातील विजेच्या वायरिंगविषयी प्रश्न मागवले होते. मुंबई आणि उपनगरांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वायर किती जाड घ्यावी, असे बहुतेकांनी विचारले आहे. ती जोडावी कशी, हे फार थोड्यांनी विचारले आहे, म्हणून काही उत्तरांत मी मूळ प्रश्नाच्या थोडा पुढे गेलो आहे.

प्रश्न : गिरगावातील चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत. वायरिंग सासऱ्यांच्या काळातले, लाकडी पट्टीतले आहे आणि जुने वायरमन ती वायर 3/20 ची असल्याचे सांगतात. आम्ही दीड टनाचा एसी आणि 3 किलोवॉटचा इन्स्टंट गिझर बसवला. दोन्ही एकदम लावले की 16 अँपिअरचा मेन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो. वायरमनने 32 चा एमसीबी बसवून देतो, मग त्रास होणार नाही, असे सांगितले आहे. बसवून घ्यावा का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुळीच बसवून घेऊ नये. वायरमनने तसा एमसीबी आधीच बसवला असेल, तर हा अंक खाली ठेवून प्रथम गिझर आणि एसी बंद करावेत.

एमसीबी हा भिंतीतल्या वायरचा पहारेकरी आहे. गिझर किंवा एसी यांची काळजी घेणे हे त्याचे काम नाही, त्यामुळे त्याचा आकडा उपकरणाकडे पाहून न ठरवता वायरकडे पाहून ठरवावा लागतो. 3/20 म्हणजे 20 गेजच्या तीन तारा, आणि त्यांतले तांबे सगळे मिळून साधारण 2 चौरस मिलिमीटर भरते. पट्टीत किंवा पाइपात बंद असलेल्या, मुंबईच्या उन्हाळ्यात आधीच तापलेल्या अशा वायरीतून सतत 16 अँपिअरच्या वर प्रवाह नेणे योग्य नाही. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह 16 वरून 32 वर गेला की उष्णता चौपट होते. त्यातही 32 अँपिअरचा एमसीबी 32 अँपिअरला पडतो, हा समज चुकीचा आहे. मानकानुसार त्याने आपल्या आकड्याच्या 1.13 पट, म्हणजे सुमारे 36 अँपिअर प्रवाह एक तास न पडता वाहू द्यायचा असतो, आणि 1.45 पट, म्हणजे सुमारे 46 अँपिअर प्रवाह असेल तर तासाभराच्या आत पडायचे असते. आपल्या सासऱ्यांच्या काळातील वायर लाकडी पट्टीच्या आत इतका वेळ तापत राहिली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. सध्याचा एमसीबी पडतो आहे, याचा अर्थ तो आपले काम चोख करतो आहे.

आता आपल्या घराचा हिशेब करू. 230 व्होल्टवर 3 किलोवॉटचा गिझर 13 अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी पूर्ण भारावर साधारण 8, आणि स्वयंपाकघरात 2 किलोवॉटची इंडक्शन शेगडी असेल तर ती जवळजवळ 9. फ्रिज, पंखे आणि दिवे धरले की आपण 32 अँपिअरच्या आसपास पोहोचतो. म्हणून मीटरपासून खोलीपर्यंतची मेन वायर तांब्याची आणि किमान 6 चौरस मिलिमीटरची असली पाहिजे. मीटर तळमजल्यावर आणि खोली वरच्या मजल्यावर असेल, तर मी 10 चौरस मिलिमीटरच सुचवीन. घराच्या आत गिझरसाठी स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची वायर, एसीसाठी स्वतंत्र अडीचची, प्लग पॉइंटसाठी अडीचची आणि दिव्या-पंख्यांसाठी दीडची, अशी विभागणी करून प्रत्येक शाखेला वेगळा एमसीबी द्यावा. गिझरची वायर 4 ची असली तरी त्याचा सॉकेट 16 अँपिअरचा आहे, तेव्हा तेथे एमसीबीही 16 चाच हवा, कारण शाखेतील सर्वांत दुबळ्या भागाकडे पाहूनच एमसीबी निवडायचा असतो. एसीच्या कॉम्प्रेसरला सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह लागत असल्याने त्याच्या शाखेवर सी प्रकारचा एमसीबी बसवावा.

याशिवाय आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या बेस्टकडे मंजूर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागेल आणि त्यासोबत परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागेल. हा खर्च अनेकांना कागदी सोपस्कारापायी केलेला वाटतो, पण चाळीच्या सामाईक मेनवर किती भार येणार आहे, हे वीजपुरवठा करणाऱ्याला याच मार्गाने कळते. शेजारच्या वीस बिऱ्हाडांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

प्रश्न : गिझरचा थ्री-पिन प्लग दोनदा काळा पडून वितळला. दोन्ही वेळा नवा प्लग लावला. एमसीबी एकदाही पडला नाही, आरसीसीबीही (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) पडला नाही. वायर चांगल्या कंपनीची आणि 4 एमएमची (म्हणजे 4 चौरस मिलिमीटरची) आहे. मग दोष कुठे आहे? — एक गृहिणी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : दोष जोडात आहे. आपले पत्र मी मुद्दाम ठळकपणे छापायला सांगितले, कारण ‘शॉर्ट सर्किट’ म्हणून ज्यांची नोंद होते अशा किती तरी आगींची सुरुवात अशाच एखाद्या काळ्या पडलेल्या पिनेपासून होते, असे माझे ठाम मत आहे.

जोड घट्ट असेल तर त्याचा प्रवाहाला होणारा विरोध नगण्य असतो. स्क्रू थोडा सैल झाला, किंवा तांब्यावर ऑक्साइडचा थर चढला, की हाच विरोध वाढत जातो. तो 0.1 ओहम झाला असे समजू. आपल्या गिझरचा प्रवाह 13 अँपिअर आहे. 13 चा वर्ग 169, त्याला 0.1 ने गुणले की जवळजवळ 17 वॉट होतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री 25 वॉटची असते. तिच्या निम्म्याहून अधिक उष्णता आपल्या प्लगमध्ये, हरभऱ्याएवढ्या जागेत, गिझर चालू असेपर्यंत तयार होत राहते. त्या जोडावर जेमतेम 1.3 व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे पाणी नेहमीसारखेच गरम होते. प्रवाह वाढलेला नाही म्हणून एमसीबी पडत नाही. प्रवाह जमिनीकडे गळत नाही म्हणून आरसीसीबीही पडत नाही. या दोन उपकरणांवर पुष्कळ पैसे खर्चूनही सैल जोड त्यांना दिसत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

आपल्याकडे हे दोनदा झाले, कारण दोन्ही वेळा प्लग बदलला आणि सॉकेट तसाच राहिला. एकदा तापलेल्या सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्यांची स्प्रिंगसारखी पकड जाते. मग त्यात कितीही चांगला प्लग घातला तरी तो सैलच बसतो आणि पुन्हा तापतो. म्हणून सॉकेट, प्लग आणि शेजारचा स्विच तिन्ही एकदम बदलावेत. त्याआधी मेन बंद करून पुरवठा खरोखर बंद झाल्याची खात्री करून घ्यावी, आणि हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

तो काम करीत असताना आपण जवळ उभे राहून पाहावे अशा काही गोष्टी आहेत. जुन्या वायरीचे टोक कडक आणि तपकिरी झालेले असेल, आतले तांबे लाल चकाकी जाऊन काळपट किंवा हिरवट दिसत असेल, तर तेवढा भाग कापून टाकून स्वच्छ, मऊ वायर मिळेपर्यंत मागे जायला हवे. त्यासाठी वायर अपुरी पडत असेल, तर बोर्डापर्यंत नवी ओढावी, पाइपाच्या आत तुकडा जोडू नये. वायर सोलताना आतल्या बारीक तारा तुटता कामा नयेत. टर्मिनलमध्ये मावत नाहीत म्हणून चार-सहा तारा कापून टाकण्याची सवय काही कारागिरांना असते, आणि त्यामुळे 4 एमएमची वायर नेमक्या जोडाच्या जागी अडीचची होऊन बसते. सोललेल्या टोकावर योग्य मापाचा पिन लग, म्हणजे टोकावर चढवायची धातूची टोपी, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून बसवावा. पकडीने चेचून बसवलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, पण आत तारांमध्ये पोकळी राहते. टोकाला डाग देऊन, म्हणजे कथील लावून, ते स्क्रूखाली धरण्याची पद्धतही बरोबर नाही. कथील मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत जोड पुन्हा सैल होतो. जोड पूर्ण झाल्यावर टर्मिनलच्या बाहेर उघडे तांबे दिसू नये आणि स्क्रूखाली प्लास्टिकचे आवरण अडकू नये. शेवटी वायर हाताने जोरात ओढून पाहावी. ती हलली तर जोड पुन्हा करायला सांगावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

माझी स्वतःची पसंती विचाराल, तर 3 किलोवॉटच्या गिझरला प्लग-सॉकेट नकोच. 20 अँपिअरचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) बसवून वायर थेट जोडली की तापणाऱ्या जागांपैकी निदान एक कायमची कमी होते.

प्रश्न : लोहार चाळीत अडीच एमएमची कॉइल आमच्या इकडच्या दुकानापेक्षा बरीच स्वस्त मिळाली. खरी-खोटी कशी ओळखावी? एफआर आणि एफआरएलएस यांत काय फरक आहे? — एक वाचक, विक्रोळी

उत्तर : घाऊक बाजारात भाव कमी असणे स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. तांबे मात्र वजनात सापडते. अडीच चौरस मिलिमीटरच्या 90 मीटर कॉइलमध्ये पावणेदोन ते दोन किलो तांबे असायला हवे. आवरणासकट संपूर्ण कॉइलच दोन किलोच्या आत भरत असेल, तर एक तर लांबी कमी आहे किंवा तांबे कमी आहे. टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे आणि अशी वायर घराच्या वायरिंगला वापरू नये. पीव्हीसीच्या वायरीवर आयएस 694 हा मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर घालून पडताळता येतो. पक्के बिल घ्यावे.

एफआर म्हणजे ज्योत वायरीवरून सहज पुढे सरकत नाही असे आवरण. एफआरएलएस मध्ये त्यासोबत धूर आणि हायड्रोजन क्लोराइड हा घुसमटवणारा वायू कमी निघेल, अशी काळजी घेतलेली असते. पण ते पीव्हीसीच असल्याने हा वायू पूर्णपणे टळत नाही. तो टाळायचा असेल तर हॅलोजनमुक्त आवरणाची वायर घ्यावी, तिचे मानक आयएस 17048 आहे. उंच इमारतीत जिन्याकडे धावणाऱ्या माणसाची वाट आगीच्याही आधी धूर अडवतो, म्हणून टॉवरमधील घरांना आणि सामाईक डक्टमधील वायरिंगला मी हॅलोजनमुक्त वायरच सुचवीन. कोणतीही निवडली तरी आवरणाचा प्रकार वायरची प्रवाह वाहण्याची ताकद फारशी वाढवत नाही, तेव्हा एफआरएलएस घेतली म्हणून एक माप कमी चालेल, असा हिशेब करू नये.

प्रश्न : सोसायटीत काही सभासदांना इलेक्ट्रिक मोटारींसाठी 7.4 किलोवॉटचे चार्जर हवे आहेत. मीटर रूमपासून सर्वांत दूरची पार्किंगची जागा 60 मीटरवर आहे. एका काँट्रॅक्टरने 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल सुचवली, दुसऱ्याने 16 ची अॅल्युमिनियमची. कोणाचे बरोबर? — सचिव, एक गृहनिर्माण संस्था, बोरिवली

उत्तर : दुसऱ्याचे बरोबर आहे, पण जोडाबाबतची त्याची माहिती तपासून घ्यावी लागेल.

7.4 किलोवॉटचा चार्जर 32 अँपिअर घेतो आणि तो रात्रभर, सलग कित्येक तास घेतो. गिझरसारखा अर्ध्या तासात बंद होत नाही, त्यामुळे केबलला थंड व्हायला उसंत मिळत नाही. 6 चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा विरोध दर किलोमीटरला सुमारे 3.08 ओहम असतो. जाऊन-येऊन 120 मीटर धरले की 0.37 ओहम होतात, आणि 32 अँपिअरवर जवळजवळ 12 व्होल्ट वाटेतच खर्च होतात, म्हणजे 230 पैकी 5 टक्के. हा विरोध 20 अंश तापमानाचा आहे आणि केबल तापल्यावर तो आणखी वाढतो. दिव्यांखेरीज इतर उपकरणांसाठी 5 टक्के ही एकूण घटीची मर्यादा मानली जाते, तेव्हा एकट्या या तुकड्यातच ती संपवणे शहाणपणाचे नाही. 10 चौरस मिलिमीटर तांब्याला हीच घट 7 व्होल्ट, म्हणजे 3 टक्क्यांच्या आसपास येते. 16 चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमचा विरोध 10 च्या तांब्यापेक्षा किंचितच जास्त, दर किलोमीटरला 1.91 ओहम आहे, त्यामुळे विजेच्या दृष्टीने ते दोघे जवळपास सारखेच. केबल एक्सएलपीई आवरणाची, आयएस 7098 भाग 1 ची घ्यावी. पीव्हीसी 70 अंशांपर्यंत टिकते, एक्सएलपीई 90 पर्यंत, आणि एकाच ट्रेमध्ये आठ-दहा केबली शेजारी-शेजारी तापणार असतील तर हा फरक उपयोगी पडतो.

अॅल्युमिनियम स्वस्त आहे, पण त्याचे टोक करणे हे कसबाचे काम आहे. अॅल्युमिनियम उघडे पडताच त्यावर वीज अडवणारा ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून टोक तारेच्या ब्रशने घासून लगेच त्यावर ऑक्साइडरोधक पेस्ट लावावी लागते. ते तांब्याच्या बसबारला, म्हणजे पॅनेलमधल्या जोडपट्टीला, सरळ टेकवले, तर आपल्या दमट, खाऱ्या हवेत दोन धातूंमधला जोड गंजत जातो. त्यासाठी एका बाजूला अॅल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबे असलेला बायमेटॅलिक लग वापरतात. बहुतेक चार्जरच्या आतली टर्मिनले तांब्याच्या वायरीसाठीच असतात, म्हणून चार्जरशेजारी जंक्शन बॉक्स ठेवून तेथून तांब्याचा छोटा तुकडा आत न्यावा लागेल. हे सारे करणारा माणूस मिळत नसेल, किंवा दरवर्षी जोड तपासण्याची शिस्त संस्थेत नसेल, तर जास्तीचे पैसे घालून 10 ची तांब्याची केबल घ्यावी. मी संस्थेच्या जागी असतो तर तीच घेतली असती.

केबल दोन्ही टोकांना योग्य मापाच्या ग्लँडमधून, म्हणजे केबल घट्ट धरणाऱ्या कडीतून, आत घ्यावी आणि तिचे लोखंडी कवच दोन्ही बाजूंना अर्थिंगला जोडावे. उघड्या पार्किंगमध्ये केबल बॉक्समध्ये खालून शिरली पाहिजे, कारण वरून घेतलेल्या केबलीवरून पावसाचे पाणी ओघळत आत जाते. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र एमसीबी आणि चार्जरच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी असावा, कारण मोटारीचे चार्जिंग डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाची, गळती निर्माण करू शकते आणि फक्त घरगुती, दिशा बदलणारा प्रवाह ओळखणाऱ्या साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला ती कळत नाही. शेवटी, चार्जर एकेका फेजवर वाटून द्यावेत. सगळे एकाच फेजवर आले, तर इमारतीच्या न्यूट्रलवर नाहक भार येईल.

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीत अर्थिंगची वायरच नाही. वायरमनने सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिली आणि टेस्ट लॅम्प लावून दाखवला, तो पेटतो. हे चालेल का? — एक वाचक, परळ

उत्तर : चालणार नाही. आजच काढून टाकावे. सॉकेटच्या अलीकडे कुठेही न्यूट्रल तुटला, तर फ्रिज किंवा गिझर यांपैकी जे चालू असेल त्याच्यातून 230 व्होल्ट न्यूट्रलवर येतील आणि तेथून त्या जोडामार्गे प्रत्येक धातूच्या पत्र्यावर पोहोचतील. शिवाय पत्र्यावर आलेला दोषाचा प्रवाह न्यूट्रलमधूनच परत जात असल्याने आरसीसीबीला गळती दिसतच नाही, म्हणजे बसवलेले संरक्षणही निकामी होते. टेस्ट लॅम्प पेटला, यावरून फक्त वाट मिळाली एवढेच कळते. नळाच्या पाइपालाही अर्थ जोडू नये. पाइपाचा मधला तुकडा आता बहुधा प्लास्टिकचा असतो. इमारतीसाठी आयएस 3043 प्रमाणे अर्थपिट करून घ्यावा आणि तेथून हिरवी वायर प्रत्येक घरात न्यावी. ते होईपर्यंत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. अर्थ नसतानाही तो काम करतो, पण तेव्हा तो माणसाचा हात लागल्यावरच पडतो, म्हणून तो अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : तळमजल्यावरील मीटर रूममध्ये गेल्या पावसात कंबरभर पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर दोन दिवस पंखे लावून सुकवले आणि वीज सुरू केली. आठवड्याने दोन घरांतले एमसीबी जळले. पुढच्या वेळी काय करावे? — व्यवस्थापकीय समितीचे सदस्य, कुर्ला

उत्तर : 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर तरी प्रत्येक सखल भागातील सोसायटीने मीटर पॅनेल पुराच्या खुणेच्या वर न्यायला हवे होते. तो ठराव याच सर्वसाधारण सभेत मांडावा.

पुन्हा पाणी शिरलेच, तर पुरवठा कंपनीकडून बंद करवून घ्यावा आणि तिच्या सीलबंद भागाला कोणीही हात लावू नये. पाण्यात बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि स्विच सुकवून वापरू नयेत. बाहेरून ते कोरडे होतात, पण गटाराच्या पाण्यातला गाळ आणि क्षार आतल्या यंत्रणेत व संपर्कांवर राहतात, आणि आपल्याकडे आठवड्याने जे झाले ते बहुधा यामुळेच झाले असावे. केबलचे बाहेरचे आवरण पाणी सोसते, पण बुडालेल्या उघड्या टोकातून पाणी तारांच्या मधल्या फटींत चढत जाते. अशी टोके हिरवट-काळपट भाग संपेपर्यंत कापून नवे लग बसवावेत. त्यानंतर सर्व घरांतील उपकरणे काढून ठेवून परवानाधारक काँट्रॅक्टरकडून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणातून गळती होते का हे मोजणाऱ्या उपकरणाने, प्रत्येक मेन केबल तपासावी. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले वाचन निदान 1 मेगाओहम आल्याशिवाय ते घर जोडू नये. वाचन घरागणिक वहीत लिहून घ्यावे आणि वीज एकेका घराची सुरू करावी.